लॉकडाऊनमधले हप्ते ‘माफ’ झालेच नव्हते

अशोक चौकातल्या चहाच्या टपरीवर आजही ऐकू येतं, ‘कोरोनात सरकारनं कर्जाचे सहा हप्ते माफ केले होते, बँकांनीच खाल्ले.’ मांडीवर सूप घेऊन विड्या वळणाऱ्या बायकाही हेच सांगतात. मजुरी हजार विड्यांमागे. कारखाना बंद तर पानही नाही, तंबाखूही नाही. यंत्रमागाचंही तेच. अशा वेळी हप्ता मागायला कुणी आलं नाही, तर माफ झाला असंच वाटणार.

झालं होतं वेगळंच. रिझर्व्ह बँकेनं २७ मार्च २०२० रोजी हप्ते पुढे ढकलण्याची मुभा दिली. आधी मेअखेरपर्यंत, मग ३१ ऑगस्टपर्यंत. हप्ता थांबला, पण व्याजाचं मीटर चालूच होतं.

हिशोब करून बघा. ५०,००० रुपये कर्ज, वर्षाला २४ टक्के व्याज धरा. महिन्याला १,००० म्हणजे सहा महिन्यांत ६,०००. व्याजावर व्याज चढलं तर साधारण ६,३००. नंतर केंद्रानं दोन कोटींपर्यंतच्या ठरावीक कर्जांसाठी परत केला तो हा वरचा फरक, म्हणजे तीनशेच्या आसपास. खात्यात तेवढे जमा झालेले दिसले आणि ‘माफी’ची अफवा आणखी पक्की झाली, असा माझा अंदाज.

मार्च २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं व्याजावरचं व्याज सगळ्याच कर्जदारांना माफ केलं. मूळ व्याज माफ करायला मात्र नकार दिला. पासबुकात हप्ते वाढलेले दिसतात ते त्यामुळेच.