टॅबलेट फोन की कॉम्प्युटर? एका जुन्या वादाची पार्श्वभूमी

इंटरनेटवर जाहिरात दाखवताना टॅबलेटला फोन धरायचं की कॉम्प्युटर, हा तो वाद. वॅपच्या, म्हणजे साध्या फोनवरच्या सुरुवातीच्या इंटरनेटच्या जमान्यात जाहिरातीचा बॅनर मोबाइल कंपनीच्याच पोर्टलवर असायचा, त्यामुळे हँडसेट कोणता आणि ग्राहक कुणाचा हे तिला आयतंच कळायचं. त्यावर फार थांबायला नको. गुंता वाढला २००८ च्या अखेरीस, गूगलच्या ॲडवर्ड्स या जाहिरात-व्यवस्थेत पूर्ण ब्राउझर असलेले फोन कॉम्प्युटरपासून वेगळे निवडता यायला लागले तेव्हा. २०१० मध्ये आयपॅड आला आणि तिसरा रकाना उघडला.

मग प्रत्येक मोहिमेच्या तीन प्रती निघू लागल्या. नावापुढे 'डेस्क', 'मोब', 'टॅब'. कीवर्ड, म्हणजे ज्या शोधशब्दांवर जाहिरात दिसते ते, तेच; बोली, म्हणजे एका क्लिकसाठी मोजायची रक्कम, वेगळी; क्लिकनंतर उघडणारं लँडिंग पेज वेगळं. ग्राहकाकडून लांबलचक फॉर्म भरून घ्यायचा तर 'डेस्क'वर जोर, फोन खणखणायला हवा असेल तर 'मोब'वर. एक्सेलमध्ये कॉपी-पेस्ट करून बोटं दुखायची, पण कुठला रुपया कुठे गेला ते दिसायचं.

फेब्रुवारी २०१३ मध्ये गूगलची 'एन्हान्स्ड कॅम्पेन्स' ही नवी रचना जाहीर झाली आणि २२ जुलैपासून जुन्या मोहिमा आपोआप नव्या साच्यात जायला लागल्या. मोहीम एकच. फोनसाठी मूळ बोली टक्क्यांत कमी-जास्त करायची, -१००% ते +३००%. -१००% म्हणजे फोनवर जाहिरात बंद. टॅबलेटला तेवढीही मुभा नाही, तो सरळ कॉम्प्युटरच्या पंगतीत. मूळ बोली कॉम्प्युटरची असल्यामुळे फक्त फोनवर जाहिरात करायची सोयच उरली नाही.

कारण दिलं गेलं ते असं, की लोक दिवसभर या स्क्रीनवरून त्या स्क्रीनवर जातात आणि टॅबलेटवर कॉम्प्युटरसारखंच वागतात. पहिला भाग खरा आहे. शिवाय ज्या छोट्या दुकानदाराने मोबाइलसाठी वेगळी मोहीम कधी केलीच नसती, तोही त्यामुळे फोनवर दिसू लागला. पण दुसरा भाग आपल्याकडे कुणाला पटावा? इथे तेव्हा सिमकार्ड घालून कानाला लावायचे सात इंची टॅबलेट विकले जात होते. आणि फोनवरचा क्लिक त्या काळी स्वस्त पडायचा. ही दरी बुजली तर पैसे कुणाच्या खिशात जाणार, हे सांगायला ज्योतिषी लागत नाही.

मे २०१६ मध्ये तिन्ही उपकरणांच्या बोली पुन्हा सुट्या करण्याची घोषणा झाली, वरची मर्यादा थेट +९००%. तीन वर्षांपूर्वी चुकलं होतं का, याचा ब्रही नाही.

जाहिरात कोणत्या कनेक्शनवर दाखवायची, हे दुखणं वेगळं. वाय-फाय की मोबाइल डेटा, हे बहुतेकदा आयपी पत्त्यावरून, म्हणजे कनेक्शनच्या इंटरनेटवरच्या क्रमांकावरून, ताडलं जातं. फोनच्या हॉटस्पॉटवर लॅपटॉप चालवा, तो मोबाइल डेटात मोजला जातो. २०१७ पासून क्रोम ब्राउझर साइटला कनेक्शनचा 'इफेक्टिव्ह टाइप', म्हणजे प्रत्यक्षातला दर्जा, सांगतो, पण तिथला '४जी' म्हणजे टॉवरचा ४जी नव्हे. वेग आणि विलंब मोजून लावलेली ती चिठ्ठी आहे, घरच्या ब्रॉडबँडलाही तीच लागते. '५जी' त्या यादीतच नाही. २०२३ पासून तर त्याच ब्राउझरमध्ये, साइटने मुद्दाम विचारलं नाही तर, झाडून सगळे अँड्रॉइड फोन स्वतःची ओळख 'अँड्रॉइड १०; के' अशीच देतात.

आणि २०१६ मध्ये परत मिळालेले ते टक्के? स्वयंचलित बोली लावली की बहुतेक प्रकारांत ते धरलेच जात नाहीत. -१००% तेवढा चालतो.