वृद्धाश्रमातील ख्रिस्ती आध्यात्मिक सोबत, नाशिक

वृद्धाश्रमात राहणाऱ्या ज्येष्ठांना ठरावीक वारी भेटून त्यांच्याबरोबर प्रार्थना, भजन व शास्त्रवाचन (बायबलचे वाचन) करण्याची आणि मुख्यतः त्यांचे बोलणे ऐकून घेण्याची ख्रिस्ती स्वयंसेवकांची प्रथा. नाशिक शहर, नाशिक रोड व देवळाली या भागांत ती कॅथलिक धर्मग्रामांतील (पॅरिशांतील) आणि प्रॉटेस्टंट मंडळ्यांतील (चर्चच्या सभासद-समुदायांतील) प्रापंचिक, म्हणजे धर्मगुरू वा संन्यस्त नसलेले, स्त्री-पुरुष चालवतात. फळवाटप किंवा नाताळचा सामुदायिक कार्यक्रम तिच्यात मोडत नाही. त्याच आजी-आजोबांकडे पुन्हा पुन्हा जाणे हे तिचे लक्षण होय. शास्त्राधार म्हणून मत्तयाच्या शुभवर्तमानाचा २५ वा अध्याय, ७१ वे स्तोत्र आणि मंदिर न सोडणारी चौऱ्याऐंशी वर्षांची विधवा हन्ना (लूक २) यांचा उल्लेख होतो.

उगमाविषयी दोन मांडण्या संभवतात. पहिली प्रथेला शरणपूरशी जोडते. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडमधील मिशनरी संस्थेचे काम नाशकात १८३२ मध्ये सुरू झाले आणि रेव्ह. विल्यम सॉल्टर प्राइस यांच्या पुढाकाराने १८५४-५५ च्या सुमारास शरणपूर ही ख्रिस्ती वसाहत उभी राहिली. गुलामांच्या गलबतांवरून सोडवलेल्या आफ्रिकन मुलामुलींना पुढे, बहुधा १८६० पासून, येथे आश्रय मिळाला. त्यांच्यापैकी जेकब वेनराइट हा आफ्रिकेचा शोध घेणारे स्कॉटिश मिशनरी डेव्हिड लिव्हिंग्स्टन यांच्या अखेरच्या प्रवासात त्यांच्याबरोबर होता. १८७३ मध्ये लिव्हिंग्स्टन वारल्यावर आफ्रिकेत त्यांचे हृदय पुरताना प्रार्थना वाचली ती त्याने. पार्थिवाबरोबर तो इंग्लंडला गेला आणि १८७४ मध्ये वेस्टमिन्स्टर ॲबीतील दफनविधीत शवपेटीच्या मानकऱ्यांत होता. अखेरपर्यंत न सोडलेली ही साथ नाशिकच्या ख्रिस्ती समाजाला अभिमानाची वाटावी, यात शंका नाही. तथापि आजच्या प्रथेचा उगम तीत शोधणे धाडसाचे ठरेल. शरणपूरचा आश्रय मुख्यतः मुले व तरुण यांच्यासाठी होता. सुतारकाम, लोहारकाम यांसारखे कसब शिकवून त्यांना स्वावलंबी करणे हा त्याचा हेतू होता. शिवाय १८७५ च्या सुमारास प्राइस व पुष्कळसे आफ्रिकन मोम्बासाजवळच्या फ्रियरटाउन येथे गेल्यावर तो धागा खंडित झाला.

दुसरी मांडणी धर्मग्रामातील गृहभेटींकडे निर्देश करते, व तीच अधिक सयुक्तिक वाटते. पॅरिसमध्ये १८३३ साली स्थापन झालेली संत विन्सेंट दी पॉल संस्था आणि डब्लिनमध्ये ७ सप्टेंबर १९२१ रोजी सुरू झालेली लीजन ऑफ मेरी या प्रापंचिकांच्या दोन संघटनांनी दोघादोघांनी मिळून भेटीस जाण्याची शिस्त घालून दिली. लीजनचे पहिलेच काम डब्लिनमधील गरिबांच्या रुग्णालयातील वृद्ध, आजारी स्त्रियांना भेटण्याचे होते. दोन्ही संघटना भारतातील कॅथलिक धर्मग्रामांत रुजल्या. प्रॉटेस्टंट मंडळ्यांत पाळकाबरोबर (मंडळीच्या धर्मगुरूबरोबर) वडीलधारे सभासद व महिला मंडळाच्या भगिनी आजाऱ्यांच्या घरी प्रार्थनेस जात, आजही जातात. मुले नोकरीनिमित्त दूर गेली आणि ज्यांच्या घरी अशा भेटी होत त्यांपैकी काही जण वृद्धाश्रमात राहू लागले, तेव्हा भेटीही त्यांच्यामागे तेथे पोचल्या. हे स्थित्यंतर विसाव्या शतकाच्या अखेरच्या दशकांतले असावे. उत्तर भारताची मंडळी (चर्च ऑफ नॉर्थ इंडिया) हे प्रॉटेस्टंट चर्च १९७० मध्ये, तर पुणे धर्मप्रांतातून वेगळा काढलेला नाशिकचा कॅथलिक धर्मप्रांत (बिशपांच्या अखत्यारीतील क्षेत्र) १९८७ मध्ये अस्तित्वात आला. त्यामुळे दोन्ही बाजूंच्या कामाला स्थानिक चौकट मिळाली.

या कामामागील आधुनिक विचारावर शुश्रूषाशास्त्राचा प्रभाव आहे. लंडनमध्ये १९६७ साली सेंट क्रिस्टोफर्स हॉस्पिस हे मरणोन्मुख रुग्णांचे शुश्रूषागृह सुरू करणाऱ्या सिसिली सॉन्डर्स यांनी वेदनेची शारीरिक, मानसिक, सामाजिक व आध्यात्मिक अशी चार अंगे मानली. इंग्लंडमधील ऑल्टन येथे २०१० मध्ये सुरू झालेले ॲना चॅप्लिन्सी हे वृद्धांच्या सोबतीचे काम वर उल्लेखिलेल्या हन्नाच्याच (इंग्रजीत ॲना) नावाने चालते.

स्वयंसेवकाने काय करावे आणि काय करू नये, याबाबत कॅथलिक नियम काटेकोर आहेत. २९ जानेवारी १९७३ च्या रोममधील आदेशानुसार प्रापंचिक व्यक्तीला विशेष सेवक म्हणून ख्रिस्तप्रसाद (मिस्सेत पवित्र केलेली भाकर) आजाऱ्यांपर्यंत नेता येतो. तो छोट्या धातूच्या डबीत नेतात. वाटेत इतर कामे उरकू नयेत असा संकेत आहे. घास गिळण्यास त्रास होणाऱ्यांना अगदी लहान तुकडा देऊन वर पाणी पाजतात, पण आधी परिचारिकेला विचारून. पापनिवेदन ऐकणे आणि तैलाभ्यंग (आजाऱ्याला पवित्र तेल लावण्याचा संस्कार) करणे मात्र केवळ फादरांकडे राहते. कॅथलिक बिशपांच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ मध्ये हा अभ्यंग फक्त मृत्युशय्येसाठी नसल्याचे स्पष्ट केले, १९७२ मध्ये त्याचा विधीही सुधारला गेला. तरीही फादर दारात दिसताच आपली वेळ आली असे समजून घाबरणारे ज्येष्ठ आढळतात. ही भीती अगोदर दूर करणे हे स्वयंसेवकाचे नाजूक आणि फार मोलाचे काम होय. उत्तर भारताच्या मंडळीत प्रभुभोजनाचा (भाकर व द्राक्षारस देण्याचा) विधी पाळकच चालवतात. स्वयंसेवक प्रार्थना, वाचन व गायनापुरते मर्यादित राहतात.

नाशिकमधील मराठी ख्रिस्ती ज्येष्ठांच्या बाबतीत या सोबतीचा गाभा म्हणजे भजन. रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१–१९१९) यांनी अभंग-ओवीच्या वळणाने रचलेली गीते मराठी मंडळ्यांत पिढ्यान्‌पिढ्या गायली गेली. त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाई नाशिकजवळच्या जलालपूरच्या. त्यांचे निधनही नाशिक येथेच १९३६ मध्ये झाले. स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीला सकाळचे जेवण किंवा मुलाचे नाव आठवत नसले, तरी लहानपणी पाठ झालेले भजन पुष्कळदा आठवते. चालीसह शिकलेले शब्द इतर स्मृतींपेक्षा अधिक काळ टिकतात. म्हणून नवी गीते शिकवण्याऐवजी जुनीच, एरवीपेक्षा संथ लयीत म्हणावीत. पहिली ओळ म्हणून थांबावे. पुढची ओळ बहुधा समोरून येते. त्या ओळीची वाट पाहण्याइतका धीर नसेल, तर बाकी सारी तयारी व्यर्थ होय. कोकणी व मल्याळी भाषकांसाठी त्यांच्या भाषेत जपमाळ म्हणणारी व्यक्ती जोडीत घेणे इष्ट.

वृद्धाश्रमांतील बहुसंख्य रहिवासी ख्रिस्ती नसतात. त्यांच्याशी गप्पा होतात, हात हातात घेतला जातो. प्रार्थना त्यांनी मागितली तरच. एखाद्या आजींनी हरिपाठ वाचून दाखवायला सांगितला, तर तो वाचावा. एकाकी व परावलंबी माणसावर श्रद्धेचा दबाव आणणे हा विश्वासघातच ठरतो, आणि या बाबतीत कोणतीही सवलत असू नये. पैसे, दागिने, मृत्युपत्र यांत स्वयंसेवकाने पडू नये. ऐकलेल्या गोष्टी बाहेर सांगू नयेत. मात्र मारहाण किंवा आबाळ होत असल्याचे कळल्यास ते योग्य ठिकाणी कळवावे.

आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यातील कलम १९ मध्ये प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निर्धन ज्येष्ठांची सोय असलेल्या वृद्धाश्रमाची तरतूद आहे.

पहिल्या काही भेटींतच ज्येष्ठाचे नाव कोणत्या मंडळीच्या पटावर आहे, हे विचारून ठेवण्याची पद्धत आहे. नातेवाईक दूर असल्यास मृत्यूनंतर पाळकांना किंवा फादरांना कळवणे, दफनभूमीत जागा मिळवणे आणि अंत्यविधीस मंडळी जमवणे ही कामे बहुधा त्याच स्वयंसेवकांकडे येतात.