करदात्यांच्या सभेपासून नगरसेवकांच्या प्रगतिपुस्तकापर्यंत

मुंबई महापालिकेच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या, स्वतः निवडणूक न लढवणाऱ्या आणि तरीही नगरसेवकांपासून आयुक्तांपर्यंत सर्वांना ज्यांची दखल घ्यावी लागते, अशा काही धर्मादाय संस्था गेल्या पंचवीस-तीस वर्षांत शहरात उभ्या राहिल्या. ‘अग्नी’ आणि ‘प्रजा फाउंडेशन’ ही त्यांतील दोन ठळक नावे. निवृत्त पालिका आयुक्त, माजी सचिव, जाहिरात क्षेत्रातील जाणती माणसे आणि उद्योजक यांनी या संस्थांना दिशा दिली. ही मंडळी या कामाकडे का वळली आणि त्यांनी रस्ते बांधण्याऐवजी किंवा दवाखाने काढण्याऐवजी कारभाराची मोजदाद करण्याचे काम का निवडले, हे समजून घ्यायचे तर १८६५ पर्यंत मागे जावे लागते. मुंबईच्या कारभाराची मूळ घडी तेव्हा बसली आणि तिच्यात राहिलेली उणीव या संस्थांनी आपले कार्यक्षेत्र मानली.

१८६५ च्या कायद्याने शहराचा कारभार एका आयुक्ताच्या हाती सोपवला. त्याच्यावर देखरेख करण्याचे काम सरकारने नेमलेल्या जस्टिस ऑफ द पीस (मानद दंडाधिकारी) मंडळींकडे होते. पहिले आयुक्त आर्थर क्रॉफर्ड कर्तबगार होते. रस्ते, गटारे, स्वच्छता आणि आजही उभी असलेली मंडई ही त्यांची कामे डोळ्यांत भरणारी होती. मात्र खर्चाला धरबंध राहिला नाही. कापसाच्या तेजीनंतरचा शेअर बाजाराचा डोलारा त्याच वर्षी कोसळला होता आणि शहरातले अनेक धनिक बुडाले होते. अशा काळात वाढत्या करांचा आणि पालिकेच्या डोक्यावरच्या कर्जाचा हिशेब लोक मागू लागले. १८७१ मध्ये नौरोजी फर्दुनजी यांच्यासारख्या पुढाऱ्यांनी करदात्यांची चळवळ उभी केली. आपला पैसा कोण, कशावर आणि कोणाच्या संमतीने खर्च करतो, हा तिचा प्रश्न होता. कर भरणाऱ्या मुंबईकरांनी पालिकेला इतक्या संघटितपणे जाब विचारण्याची ही पहिली मोठी वेळ म्हणता येईल.

या वादात तरुण बॅरिस्टर फिरोजशहा मेहता यांनी घेतलेली भूमिका मला आजही सर्वांत विचारी वाटते. लोकमत क्रॉफर्ड यांच्या विरोधात असताना मेहतांनी एकहाती कार्यकारी सत्तेची पाठराखण केली. दोष आयुक्तपदात नसून त्या पदावर लोकांनी निवडलेल्या सभेची हुकमत नाही, यात आहे, असा त्यांच्या मांडणीचा गाभा होता. १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची पालिका आली आणि त्यांपैकी निम्मे सदस्य करदात्यांनी निवडायचे ठरले. पुढे १८८८ च्या कायद्याने ही रचना पक्की केली. ज्याच्या घडणीत मेहतांचा मोठा वाटा होता तो हा कायदा अनेक दुरुस्त्यांसह आजही लागू आहे. त्याने कार्यकारी अधिकार सरकारने नेमलेल्या आयुक्ताकडे, तर धोरण, अंदाजपत्रक आणि देखरेख महापालिका सभा व स्थायी समितीकडे ठेवली. ‘महापौर’ हे नाव १९३१ मध्ये आले, पण त्या पदाला कार्यकारी अधिकार मिळाले नाहीत.

या रचनेचा परिणाम असा झाला की मुंबईकर ज्याला मत देतो त्या नगरसेवकाच्या हाती अंमलबजावणी नसते आणि ज्याच्या हाती अंमलबजावणी असते त्या आयुक्ताला मुंबईकर मत देत नाही. हे दुहेरी गणित चालायचे तर नगरसेवकाने सभागृहात नेमके प्रश्न विचारले पाहिजेत, कागदपत्रे मागितली पाहिजेत आणि आपण काय मागितले ते मतदाराला कळले पाहिजे. स्वातंत्र्यानंतर १९४८ मध्ये पालिकेची निवडणूक प्रौढ मताधिकाराने झाली आणि करदात्यांपुरता मर्यादित असलेला हक्क सर्वांना मिळाला. लोकशाहीचा पाया रुंदावला हे मोठेच काम झाले, पण प्रतिनिधी काय करतो हे तपासण्याची सोय त्या प्रमाणात वाढली नाही. १९८४-८५ मध्ये तर निवडून आलेली सभाच काही काळ नव्हती आणि प्रशासकाच्या हाती कारभार होता.

पुढच्या दशकात तीन गोष्टी जवळपास एकत्र आल्या. १९९२-९३ च्या दंगलींनी शहर हादरले आणि त्यानंतर निवृत्त पोलीस अधिकारी ज्युलिओ रिबेरो, तेव्हाचे पोलीस आयुक्त सतीश साहनी, सुशोभा बर्वे आणि इतरांनी मोहल्ला समित्यांचे काम उभे केले. मोठ्या हुद्द्यांवर काम केलेली माणसे वस्तीत जाऊन पोलीस आणि रहिवासी यांना समोरासमोर बसवू शकतात, हा अनुभव मुंबईला तिथे आला. दुसरी गोष्ट ७४ व्या घटनादुरुस्तीची. १ जून १९९३ पासून लागू झालेल्या या दुरुस्तीने शहरांच्या स्थानिक स्वराज्य संस्थांना घटनात्मक स्थान दिले आणि तीन लाख किंवा अधिक लोकसंख्येच्या शहरांत प्रभाग समित्या बंधनकारक केल्या. तिसरी गोष्ट बंगळुरूतून आली. सॅम्युअल पॉल यांनी तिथे १९९३ च्या सुमारास पाणी, वीज, टेलिफोन यांसारख्या सेवांबद्दल नागरिकांचे मत सर्वेक्षणातून गोळा करून त्या संस्थांचे प्रगतिपुस्तक मांडले आणि पाठोपाठ पब्लिक अफेअर्स सेंटर स्थापन केले. तक्रार कितीही खरी असली तरी ती एकट्याची असेल तर बाजूला सारता येते. शेकडो लोकांची उत्तरे तक्त्यात मांडून पुढे ठेवली की अधिकाऱ्याला उत्तर द्यावे लागते, हे त्या प्रयोगाने दाखवले.

या पार्श्वभूमीवर नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मुंबईत दोन वेगळ्या स्वभावांच्या संस्था निघाल्या. अ‍ॅक्शन फॉर गुड गव्हर्नन्स अँड नेटवर्किंग इन इंडिया, म्हणजेच ‘अग्नी’, १९९९ मध्ये सुरू झाली. तिच्यामागे बी. जी. देशमुख होते, जे मुंबईचे पालिका आयुक्त, राज्याचे मुख्य सचिव आणि पुढे केंद्रात मंत्रिमंडळ सचिव राहिले होते. त्यांच्या जोडीला जाहिरात आणि रंगभूमी या दोन्ही क्षेत्रांत नाव कमावलेले जर्सन दा कुन्हा होते. पालिकेचे आणखी एक माजी आयुक्त द. म. सुखटणकर यांचाही अग्नीच्या कामाशी निकटचा संबंध राहिला. फाइल कुठे अडते, कोणत्या कलमाखाली अधिकाऱ्याला नकार देता येतो आणि कोणत्या कलमाखाली देता येत नाही, हे ज्यांना खुर्चीवर बसून कळले होते, तेच आता टेबलाच्या पलीकडच्या बाजूला आले. अग्नीने वॉर्डवार कार्यकर्ते जोडले, मतदार नोंदणीला हात घातला, निवडणुकीपूर्वी उमेदवारांची माहिती मतदारांपर्यंत नेली आणि सहायक आयुक्तांबरोबर नागरिकांच्या बैठकांचा पाठपुरावा केला. घाटकोपरच्या जोशी लेनमधून १९९७ च्या सुमारास सुरू झालेल्या एएलएम (अ‍ॅडव्हान्स्ड लोकॅलिटी मॅनेजमेंट) चळवळीत, म्हणजे गल्लीतल्या रहिवाशांनी कचरा वेगळा करून आपला परिसर पालिकेच्या साथीने सांभाळण्याच्या उपक्रमात, अग्नीचे कार्यकर्ते अनेक वॉर्डांत दिसत.

प्रजा फाउंडेशनची वाट निराळी होती. नव्वदच्या दशकाच्या उत्तरार्धात निताई मेहता यांनी सुरू केलेल्या या संस्थेने आधी सेवेचा करार लिहून काढण्यावर भर दिला. १९९९ मध्ये महापालिकेबरोबर तयार केलेल्या नागरिकांच्या सनदेत कोणते काम किती दिवसांत झाले पाहिजे आणि न झाल्यास कोणाकडे जायचे, हे कागदावर आले. सनद छापली की काम संपत नाही, हे या संस्थेच्या धुरिणांनी लवकर ओळखले, ही गोष्ट मला महत्त्वाची वाटते. तक्रारींची नोंद एकसारखी होत नाही तोवर मुदत पाळली गेली की नाही ते कळणार नाही, म्हणून २००३ मध्ये पालिकेच्या साथीने तक्रारींची ऑनलाइन व्यवस्था उभी राहिली. एका वॉर्डात गटाराच्या तक्रारी जास्त का आणि दुसऱ्यात त्या निकाली निघायला वेळ का लागतो, असा प्रश्न त्यामुळे प्रथमच आकड्यांनिशी विचारता येऊ लागला.

इथे कायद्याचा एक मुद्दा थोडा सविस्तर पाहायला हवा, कारण या संस्थांचे वागणे त्याशिवाय उलगडत नाही. महाराष्ट्रात १९५० पासून लागू असलेल्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्थेच्या कायद्यात धर्मादाय हेतूंमध्ये गरिबीचे निवारण, शिक्षण आणि वैद्यकीय मदत यांच्याबरोबर ‘सर्वसामान्य लोकोपयोगाचे इतर कोणतेही उद्दिष्ट’ धरले आहे. आयकर कायद्यातही तशीच तरतूद आहे. सुशासनाचे काम या शेवटच्या चौकटीत बसते. मात्र राजकीय हेतू हा धर्मादाय हेतू नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९६२ मध्येच म्हटले आहे. उमेदवाराची माहिती देणे आणि उमेदवाराचा प्रचार करणे यांतली रेषा या विश्वस्तांना म्हणून काटेकोरपणे पाळावी लागली. २००७ च्या निवडणुकीत जुहूमधून अ‍ॅडॉल्फ डिसोझा नागरिकांचे उमेदवार म्हणून निवडून आले, तेव्हा सुशासनाच्या चळवळीने स्वतःच निवडणुकीत उतरावे असा आग्रह अनेकांनी धरला. २०१२ च्या पालिका निवडणुकीपूर्वी त्यासाठी वेगळे व्यासपीठही उभे राहिले. न्यास आणि निवडणूक यांच्यात अंतर राखण्याचा निर्णय मला योग्य वाटतो. ज्याने गुण द्यायचे त्यानेच परीक्षेला बसले तर गुणपत्रिकेवर कोणी विश्वास ठेवत नाही.

कामाला खरी धार आली ती माहितीच्या अधिकाराने. अण्णा हजारे यांच्या आंदोलनानंतर महाराष्ट्राने स्वतःचा कायदा केला आणि १२ ऑक्टोबर २००५ पासून केंद्राचा कायदा जम्मू-काश्मीर वगळता देशभर लागू झाला. त्याआधी २००२ आणि २००३ मधील सर्वोच्च न्यायालयाच्या निकालांमुळे लोकसभा-विधानसभेच्या उमेदवारांना गुन्हे, मालमत्ता आणि शिक्षण यांची माहिती प्रतिज्ञापत्रावर देणे भाग पडले होते. या दोन साधनांच्या बळावर प्रजाने २०११ पासून मुंबईच्या आमदारांचे आणि पुढे नगरसेवकांचे प्रगतिपुस्तक प्रसिद्ध करायला सुरुवात केली. सभागृहातील हजेरी, विचारलेल्या प्रश्नांची संख्या आणि दर्जा, दाखल गुन्हे आणि मतदारांचे मत असे निकष त्यात होते. रस्ते आणि चौकांच्या नामकरणावर नगरसेवक किती प्रश्न खर्च करतात, ही वर्षानुवर्षे वर्तमानपत्रांत गाजलेली बाब याच अहवालांतून पुढे आली. शिक्षण, आरोग्य आणि पोलीस यांवरचे स्वतंत्र अहवालही त्याच पद्धतीने निघू लागले.

या नेतृत्वाची एक उणीव स्पष्टपणे नोंदवली पाहिजे. २००१ च्या जनगणनेनुसार मुंबईची निम्म्याहून अधिक वस्ती झोपडपट्ट्यांत होती, पण सुशासन संस्थांचे विश्वस्त आणि बरेचसे कार्यकर्ते इमारतींत राहणारे, इंग्रजीत पत्रव्यवहार करणारे होते. एएलएमचा जोर सोसायट्यांच्या गल्ल्यांत राहिला; झोपडपट्ट्यांसाठी पालिकेची दत्तक वस्ती योजना वेगळ्या वाटेने गेली. फेरीवाले आणि पदपथ यांसारख्या वादात नागरिक म्हणजे कोण, हा प्रश्न त्यामुळे वारंवार उभा राहिला. तक्रारींच्या आकड्यांतही हा कल उतरतो, कारण तक्रार नोंदवतो तो सहसा आपली तक्रार ऐकली जाईल असा भरवसा असलेला माणूस. ज्या वस्तीला अधिकृत नळजोडणीच नाही, तिथून पाण्याचा दाब कमी असल्याची तक्रार येत नाही. मतदारांच्या घरोघरच्या सर्वेक्षणांनी हा तोल काही अंशी सावरला, पण पूर्ण सावरला असे म्हणता येणार नाही.

दुसरी अडचण रचनेतच होती. मुंबईत प्रभाग समित्या २००० साली आल्या, त्याही पालिकेच्या २४ प्रशासकीय वॉर्डांसाठी १६. म्हणजे एका समितीच्या पदरात कधी कधी दोन वॉर्ड आणि लाखोंची लोकसंख्या. या समित्यांवर स्वयंसेवी आणि वस्तीपातळीवरच्या संस्थांचे तीनपर्यंत प्रतिनिधी नेमता येतात, अशी तरतूद कायद्यात आहे. विश्वस्तांनी ती वारंवार पुढे आणली, तरी मुंबईत तिचा उपयोग फारसा झाला नाही. मतदान केंद्रांच्या पातळीवर क्षेत्रसभा, म्हणजे तिथल्या मतदारांच्या सभा, घेण्याची तरतूदही राज्याने २००९ मध्ये केली, आणि तीही बहुतांशी कागदावर राहिली.

बी. जी. देशमुख २०११ मध्ये आणि जर्सन दा कुन्हा जानेवारी २०२२ मध्ये गेले. त्यानंतर दोनच महिन्यांत, मार्च २०२२ मध्ये, महापालिकेची मुदत संपली आणि प्रशासक आला. निवडणुका जानेवारी २०२६ पर्यंत लांबल्या. जवळपास चार वर्षे नगरसेवक नव्हते, स्थायी समिती नव्हती, सभागृहात प्रश्न नव्हते आणि म्हणून नगरसेवकांचे प्रगतिपुस्तकही नव्हते. याच काळात २०२५-२६ साठी ७४,४२७ कोटी रुपयांचे अंदाजपत्रक मांडले गेले, ते प्रशासनानेच मांडले आणि प्रशासकानेच मंजूर केले. १८७१ मधल्या करदात्यांचा जाब ज्या रचनेला होता, तीच रचना या चार वर्षांत परत आली होती. न्यासांनी या काळात तक्रारींचे, आरोग्याचे आणि खर्चाचे अहवाल काढणे थांबवले नाही. पण अहवालावर चर्चा करून ठराव मांडणारी सभाच नसल्याने त्यांचे निष्कर्ष वर्तमानपत्रांपलीकडे पोहोचत नव्हते. आता २२७ नगरसेवकांचे सभागृह पुन्हा भरते आहे. प्रभाग समित्यांवर नागरिकांच्या संस्थांचे प्रतिनिधी नेमण्याचा अधिकार कायद्याने त्या समित्यांमधल्या नगरसेवकांनाच दिलेला आहे, आणि सुशासन संस्थांची ही जुनी मागणी मान्य करायला नव्या कायद्याची गरज नाही.