आरएनए नक्की कुठल्या स्ट्रँडवरून बनतो? कोडिंग आणि टेम्प्लेटचा गोंधळ

डीएनए दोन स्ट्रँडचा, म्हणजे दोन धाग्यांचा, आरएनए बहुतेक वेळा एकाच. तिकडे थायमिन (टी), इकडे युरासिल (यू). हे बारावी सायन्सच्या कुठल्याही पोराला झोपेतून उठवून विचारलं तरी येतं, त्यामुळं त्यात वेळ घालवत नाही. फक्त "टी च्या जागी यू टाका, झाला आरएनए" असं जे शिकवतात ना ते मला अजिबात पटत नाही, कारण आरएनए लवकर तुटतो तो यू मुळं नाही, त्याच्या साखरेवर जो एक जादा ओएच असतो त्यामुळं.

रेप्लिकेशनसुद्धा (डीएनएची नक्कल होणं) बऱ्यापैकी कळलेलं असतं. टप्प्याटप्प्यानं सगळा डीएनए उघडतो, दोन्ही स्ट्रँड साचा होतात, प्रत्येक नव्या जोडीत एक जुनी एक नवी, मेसेल्सन आणि स्टाल यांनी १९५८ मध्ये दाखवलं तेच.

ट्रान्स्क्रिप्शनला, म्हणजे डीएनएवरून आरएनए बनण्याला, मात्र पोरं हमखास घसरतात, सोलापुरात नीटची तयारी करणारी चांगली हुशार पोरंसुद्धा. इथं सगळा डीएनए नाही तर एका जीनपुरता तुकडा उघडतो आणि त्यातलीही एकच स्ट्रँड वाचली जाते. जी वाचली जाते ती टेम्प्लेट. आरएनए पॉलिमरेझ (आरएनए बनवणारं एन्झाइम) तिच्यावरून ३ प्राइमकडून ५ प्राइमकडं (स्ट्रँडच्या दोन टोकांची ही नावं, समोरासमोरच्या स्ट्रँडमध्ये ती उलटी असतात) सरकत जातो आणि समोर एकेक बेस, म्हणजे अक्षर, जोडतो: जी समोर सी, सी समोर जी, टी समोर ए, ए समोर यू. समोरची दुसरी स्ट्रँड म्हणजे कोडिंग, ती तो वाचतच नाही, तरी तयार झालेला आरएनए दिसतो हुबेहूब कोडिंगसारखा, फक्त टी च्या जागी यू. हे का होतं ते बघायला घरातली जेकार्डची सोलापुरी चादर उलटी करा. वर जिथं लाल तिथं खाली पांढरा, जिथं पांढरा तिथं लाल. आता खालची बाजू बघून परत उलटे रंग लावत गेलात तर वरचीच बाजू तयार होणार. खालची बाजू म्हणजे टेम्प्लेट, वरची म्हणजे कोडिंग.

आता सिकलसेल हा रक्ताचा आजार घ्या. बीटा ग्लोबिनच्या (हिमोग्लोबिनमधल्या एका प्रोटीनच्या) सहाव्या अमिनो आम्लाचा तीन अक्षरी कोड कोडिंग स्ट्रँडवर जीएजी, टेम्प्लेटवर सीटीसी, एमआरएनएत (ज्यावरून प्रोटीन बनतं त्या आरएनएत) परत जीएजी, म्हणजे ग्लुटामिक ॲसिड. आजारात कोडिंगवर जीटीजी, टेम्प्लेटवर सीएसी, एमआरएनएत जीयूजी, म्हणजे व्हॅलिन. आणि पोरं काय करतात, डीएनए दिसला की डोळे झाकून जोडी लावायला घेतात, कोडिंगच्या जीएजी वरून सीयूसी लिहितात, ते निघतं ल्युसिन, जीटीजी वरून सीएसी, ते निघतं हिस्टिडिन, मग म्हणतात पुस्तक चुकलंय. पुस्तक बरोबर आहे, स्ट्रँड चुकली.

एक बारीक गोष्ट बघा, जीएजी डावीकडून वाचा की उजवीकडून, जीएजीच. त्यामुळं दिशेची चूक या उदाहरणात दिसतच नाही आणि सवय तशीच राहते. प्रश्नात टेम्प्लेट ५ प्राइम सीएटी ३ प्राइम अशी दिली की मग पकडले जातात. समोर जीयूए लिहून थांबतात आणि उत्तर व्हॅलिन काढतात. अहो, तो जीयूए ३ प्राइमकडून लिहिलेला आहे, तो ५ प्राइमकडून वाचा, एयूजी मिळेल, मेथिओनिन, प्रोटीनच्या सुरुवातीचा कोडॉन (तीन अक्षरी कोड). स्ट्रँडची टोकं न लिहिता नुसती अक्षरं देणाऱ्या गाइडांचा मला खरंच राग येतो, कारण टोकं नसतील तर त्या प्रश्नाला एकच उत्तर नसतं. माझ्याकडं तरी ५ आणि ३ लिहिल्याशिवाय मी एक अक्षर पुढं जाऊ देत नाही. जीनचा सिक्वेन्स म्हणून पुस्तकात किंवा डेटाबेसमध्ये जो छापलेला असतो तो रीतीप्रमाणं कोडिंग स्ट्रँडचा, ५ प्राइमकडून, तेव्हा तिथं जोडी लावायची गरजच नसते, टी काढून यू घाला आणि वाचा.

अजून एक, "वरची कोडिंग, खालची टेम्प्लेट" हे पाठ करू नका. क्रोमोसोमची एकच स्ट्रँड सगळ्या जीनसाठी टेम्प्लेट असते असं नाहीच, शेजारशेजारच्या दोन जीनमध्येसुद्धा ती बदलू शकते. ठरवतो तो प्रमोटर, म्हणजे जीनच्या सुरुवातीचा तो तुकडा जिथं पॉलिमरेझ बसतो. आकृतीत आधी प्रमोटर शोधा, आणि ज्या स्ट्रँडचं ३ प्राइम टोक प्रमोटरच्या बाजूला आहे ती टेम्प्लेट. वरची स्ट्रँड डावीकडून ५ ते ३ अशी काढलेली असेल आणि प्रमोटर उजव्या बाजूला दिला असेल, तर टेम्प्लेट वरचीच आहे आणि पॉलिमरेझ उजवीकडून डावीकडं चाललाय.