कोचला हवा असलेला खेळाडू आणि खेळणारा विद्यार्थी

गेल्या दिवाळीत ओळखीतल्या एका घरी फराळाच्या ताटाआधी एक फाइल पुढ्यात आली. निळी, आत प्लॅस्टिकचे कप्पे. जिल्हा, विभाग, राज्य आणि शेवटी एक राष्ट्रीय शालेय स्पर्धा, अशी पोहण्याची प्रमाणपत्रं तारखेनुसार लावलेली. मुलगा अकरावीत. वडिलांनी थेट विचारलं, “एवढ्यावर हार्वर्ड, प्रिन्स्टन होऊन जाईल ना? तिकडे खेळाडूंना घेतात म्हणे.”

घेतात, यात खोटं काही नाही. गोची अशी की ‘खेळाडू’ या एका शब्दात तिथे दोन वेगळी माणसं बसतात. एक, ज्याला कोचने आपल्या संघासाठी निवडलंय, म्हणजे रिक्रूट. दुसरा, जो अभ्यासाबरोबर खेळतोसुद्धा. दोघं एकच फॉर्म भरतात, दोघांची पदकंही कधीकधी सारखी असतात. प्रवेशाच्या शक्यतेत मात्र जमीन-अस्मानाचा फरक.

हा फरक किती, ते एका खटल्यामुळे उघड झालं. हार्वर्डच्या प्रवेशपद्धतीविरुद्ध २०१४ मध्ये दावा दाखल झाला, २०१८ मध्ये बॉस्टनला सुनावणी झाली आणि एरवी कुलूपबंद असणारी आकडेवारी कोर्टासमोर आली. रिक्रूट झालेल्या अर्जदारांपैकी सुमारे ८६ टक्के जणांना प्रवेश मिळत होता. त्याच काळात एकूण अर्जदारांत हे प्रमाण शंभरात पाच ते सातच्या आसपास होतं.

हा ८६ चा आकडा आपल्याकडच्या पालकांच्या गटांत फिरतो, आणि तो चुकीचा वाचला जातो. ‘चांगला खेळलास तर ८६ टक्के चान्स’ असा त्याचा अर्थ नाही. कोचने शेकडो मुलांचे मेल वाचले, त्यांतली बरीचशी गाळली, उरलेल्यांचे गुण प्रवेश कार्यालयाला आधीच दाखवले, तिथे नाही म्हटलेल्यांची नावं खोडली, आणि मग जे राहिले त्यांनी अर्ज केला. त्या उरलेल्यांतले ८६ टक्के. चाळणी अर्जाच्या आधीच होऊन गेलेली असते.

ही चाळणी कशी चालते ते बघण्यासारखं आहे. हार्वर्ड, प्रिन्स्टन ज्यात येतात ती आयव्ही लीग हे मुळात खेळाच्या साखळीचंच नाव. आठ विद्यापीठं, औपचारिक करार १९५४ चा. या आठांपैकी कुणीही खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही; पैसे मिळतात ते घरची ऐपत बघून. कोच स्वतः प्रवेशही देऊ शकत नाही. त्याच्या हातात असते ती मोजक्या नावांची यादी आणि प्रवेश कार्यालयात टाकायचा शब्द. बारावीआधीच्या उन्हाळ्यात तो मुलाची गुणपत्रकं मागवून कार्यालयाकडून ‘प्री-रीड’ करून घेतो, म्हणजे अर्जाआधीच अंदाज. परीक्षांचे गुण आणि शाळेतली श्रेणी मिळून ‘ॲकॅडेमिक इंडेक्स’ निघतो, आणि रिक्रूट केलेल्यांची सरासरी बाकी विद्यार्थ्यांच्या फार खाली जाणार नाही हे बघावं लागतं. त्यामुळे खेळात जरा कमी पण अभ्यासात भक्कम असा मुलगा कोचला कधीकधी सोन्यासारखा वाटतो. तो सरासरी वर ओढतो. आपल्याकडच्या मुलांना हा मुद्दा कुणी सांगत नाही. सगळं जुळलं तर १ ऑक्टोबरनंतर ‘लाइकली लेटर’ येऊ शकतं. घोळ घातला नाहीस तर प्रवेश पक्का समज, असा त्याचा मथितार्थ.

दुसऱ्या खेळाडूसाठी यातलं काहीच घडत नाही. त्याचं पोहणं ‘कॉमन ॲप’च्या, म्हणजे अनेक कॉलेजांना चालणाऱ्या एकाच अर्जाच्या, फॉर्ममध्ये उपक्रमांच्या दहा जागांपैकी एका जागी, दीडशे अक्षरांत बसतं. शेजारच्या ओळीत वादविवाद स्पर्धा, त्याखाली तबला. वाचणारा त्यातून एवढंच बघतो की पोरगं एका गोष्टीला सात-आठ वर्षं चिकटून राहिलं, पहाटे उठलं, संघ सांभाळला. त्याला किंमत आहे, पण ती तबल्याच्या विशारदलाही आहे. फाइलमधल्या प्रमाणपत्रांना कप्प्यातून बाहेर यायची वेळ बहुधा येतच नाही.

आपला घोटाळा इथेच होतो, आणि त्याला कारण आपली व्यवस्था. महाराष्ट्रात प्रमाणपत्र म्हणजे चलनी नाणं. दहावी-बारावीला खेळाचे वाढीव गुण, सरकारी नोकरीत ५ टक्के आरक्षण, आणि ते प्रमाणपत्र खरं आहे का याची वेगळी पडताळणी. स्तर ठरला की लाभ ठरला. समोरच्याला तुमची गरज आहे की नाही हा प्रश्नच येत नाही. तिकडे पहिला प्रश्न तोच. यंदा संघातले दोन बॅकस्ट्रोकवाले पदवी घेऊन बाहेर पडतायत का? पडत असतील तर बॅकस्ट्रोकवाल्याला भाव. तुम्ही बटरफ्लायमध्ये त्याच्यापेक्षा सरस असाल, पण कोचकडे बटरफ्लायवाले तीन असतील, तर तुमचा मेल तसाच पडून राहणार. अन्याय म्हणायचा तर म्हणा. मला तो लग्नाच्या स्थळांसारखा वाटतो.

खेळ कोणता यावरही सगळं अवलंबून. मुंबईच्या मैदानावर खोऱ्याने धावा काढणारा मुलगा हार्वर्डसाठी रिक्रूट होऊच शकत नाही, कारण तिथे क्रिकेटचा व्हर्सिटी, म्हणजे कॉलेजचा अधिकृत, संघ नाही. फिलाडेल्फियाजवळच्या हॅवरफर्ड कॉलेजात तो आहे, आणि अमेरिकेतला तसा एकमेव म्हणून ते ओळखलं जातं. कबड्डी, खो-खो, मल्लखांबाचं तेच. अर्थात मल्लखांबावर बारा वर्षं घाम गाळलेल्या मुलीची ती दीडशे अक्षरं वाचणाऱ्याच्या लक्षात राहतील, हे मी पैजेवर सांगेन. पण ती ‘दुसऱ्या’ रांगेतली झाली.

स्क्वॉशचं गणित उलटं. मुंबईतल्या जिमखान्यांत आणि क्लबांत वाढलेला हा खेळ अमेरिकेत मोजक्या, त्यातही नामांकित कॉलेजांत खेळला जातो. मुंबईचा वीर चोत्रानी कॉर्नेल विद्यापीठात शिकला आणि खेळला, कोलकात्याचा रमित टंडन कोलंबिया विद्यापीठात. कनेटिकटमधल्या ट्रिनिटी कॉलेजने १९९८ ते २०१२ या काळात सलग २५२ सामने जिंकले, तेही परदेशांतून, भारतातूनही, खेळाडू आणून. पोरांना स्क्वॉशला घालणाऱ्या दक्षिण मुंबईच्या सगळ्याच आईबापांना केवळ खेळाची आवड असते असं नाही.

अमेरिकेतल्या एमआयटीचा अपवाद लक्षात ठेवावा. तिथे संघ भरपूर आहेत आणि कोच शिफारसही करतो, पण त्याच्या नावावर राखीव जागा नाहीत. शेवटी अर्ज बाकीच्यांसारखाच वाचला जातो. उलट टोकाला स्टॅनफर्ड किंवा ड्यूक, जिथे खेळासाठी शिष्यवृत्तीही मिळते.

कोचच्या यादीची किंमत किती, हे मार्च २०१९ मध्ये उघडकीला आलेल्या लाचप्रकरणाने दाखवलं. श्रीमंत पालकांनी एका सल्लागारामार्फत कोचना पैसे चारले. मुलं जो खेळ खेळतच नव्हती, त्या खेळाचे खेळाडू म्हणून त्यांची नावं यादीत घुसवली गेली, त्यासाठी फोटोही बनवले गेले. येल विद्यापीठाच्या महिला फुटबॉल संघाचा तेव्हाचा कोच यात अडकला. विकली गेली ती यादीतली जागा.

मग आपण पहिल्या रांगेत आहोत की दुसऱ्या, हे कसं कळायचं? कोचच्या भाषेवरून. नियमाप्रमाणे बहुतेक खेळांत तो दहावीनंतरच्या १५ जूनपासून स्वतः संपर्क करू शकतो. त्यामुळे अकरावीची दिवाळी ही लवकरची वेळ नव्हे. मेलमध्ये त्याला हवं असतं ते चार ओळींत: प्रकार, सर्वोत्तम वेळ, शाळा संपण्याचं वर्ष, गुण आणि व्हिडिओची लिंक. पोहणाऱ्यांनी वेळ कोणत्या तलावातली ते लिहावंच, कारण तिकडच्या कॉलेज स्पर्धा २५ यार्डांच्या तलावात होतात आणि आपली पोरं ५० मीटरच्या. ‘गुणपत्रकं पाठव, प्रवेश कार्यालयाला दाखवतो’ असं उत्तर आलं तर गाडी रुळावर आहे. ‘तू जरूर अर्ज कर, आम्हाला आनंदच होईल’ असं आलं, तर तो गोड नकार.

त्या मुलाने नंतर बावीस कोचना मेल केले. पाचांची उत्तरं आली, त्यातलं एक फार प्रेमळ होतं: जरूर अर्ज कर, आनंद होईल. वडिलांनी त्याची रंगीत प्रिंट काढली. आता ती निळ्या फाइलच्या पहिल्या कप्प्यात आहे, राष्ट्रीय स्पर्धेच्या प्रमाणपत्राच्याही आधी.