'वैयक्तिक माहिती' : माहिती अधिकारातली सरकलेली रेघ

डिसेंबर 1994. राजस्थानात पाली जिल्ह्यातल्या कोट किराना इथे मजदूर किसान शक्ती संघटनेची पहिली जनसुनावणी भरली. अशा सुनावण्यांत सरकारी कामांची मस्टर गावासमोर मोठ्याने वाचली जात: अमका मजूर, इतके दिवस हजर, इतकी मजुरी. कुणाला किती पैसे मिळाले ही तशी ज्याची त्याची बाब. पण कामावर गेलेच नाहीत त्यांच्या नावावर पैसे उचलले गेलेत, हे चारचौघांत वाचल्याशिवाय कळणार कसं?

महाराष्ट्रात अण्णा हजारेंच्या आंदोलनानंतर माहिती अधिकाराचा 2002 चा राज्य कायदा आला, मग 2005 चा केंद्राचा. त्यातल्या कलम 8(1)(जे)ने माहिती केवळ वैयक्तिक आहे म्हणून अडवू दिली नव्हती. तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नसेल, किंवा ती दिल्याने एखाद्याच्या खासगीपणावर विनाकारण घाला येत असेल, तरच नकार; आणि तिथेही व्यापक जनहित वरचढ. जोडीला परंतुक होतं: जी माहिती संसदेला वा विधिमंडळाला नाकारता येत नाही, ती कोणालाच नाकारता येणार नाही. माझ्या मते सगळ्या कायद्याचा जीव या एका ओळीत होता.

तडा 2012 मध्ये गेला. गिरीश देशपांडे प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सरकारी नोकराला दिलेले मेमो, शिक्षा, मालमत्तेचा तपशील हे सारं वैयक्तिक ठरवलं. गंमत अशी, की निवडणुकीच्या उमेदवाराने मालमत्ता जाहीर केलीच पाहिजे, हे याच न्यायालयाने दहा वर्षांपूर्वी सांगितलं होतं. देशपांडे निकालानंतर जन माहिती अधिकाऱ्यांना अर्ज फेटाळायला छापील उत्तरच मिळालं.

2017 मध्ये पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्याचा आधार घेत 2023 चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा झाला आणि त्याच्या कलम 44(3)ने 8(1)(जे)मधल्या अटी, परंतुकासकट, काढून टाकल्या. नोव्हेंबर 2025 पासून हा बदल लागू आहे. आता तिथे उरलंय एवढंच: वैयक्तिक माहिती.

सरकार माहिती अधिकार कायद्याच्याच कलम 8(2)कडे बोट दाखवतं. जनहित जड असेल तर माहिती देता येते, हे तिथे अजून आहेच. फक्त ते जड आहे की नाही, हे आधी ठरवणार ज्याच्याकडे फाईल आहे तेच कार्यालय.