आधी मोठ्यांची शाळा

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० ने शिक्षकांना दरवर्षी किमान ५० तास प्रशिक्षण घ्यायला सांगितलं. तेव्हापासून शिक्षकांच्या प्रशिक्षणवर्गांत ‘सामाजिक-भावनिक अध्ययन’ हे नाव वारंवार कानावर पडतं. राग आवरणं, दुसऱ्याचं दुःख ओळखणं, भांडण मारामारीवर न नेता मिटवणं असा त्याचा साधा आशय. नाव अमेरिकेतलं आणि १९९४ सालचं आहे, म्हणून सगळा प्रकारच आयात केलेला असावा असं बऱ्याच शिक्षकांना वाटतं. पण मुलाला घडवायचं तर आधी मोठ्या माणसाला वागायला शिकवावं लागतं, हा विचार आपल्याकडे शंभर वर्षं मुरलेला आहे.

त्याची सुरुवात भावनगरात झाली. वकिली सोडून शिक्षणात आलेल्या गिजुभाई बधेका यांनी १९२० साली दक्षिणामूर्ती संस्थेत बालमंदिर काढलं. मारायचं नाही, भीती घालायची नाही, बक्षिसाचं आमिषही दाखवायचं नाही, हे तिथले नियम. त्या काळच्या पंतोजीला हे जमणं शक्यच नव्हतं, त्यामुळे बालमंदिराच्या पाठोपाठ शिक्षक घडवणारं अध्यापन मंदिर निघालं. पण गिजुभाईंचा रोख पालकांवर जास्त होता. मूल शाळेत चार तास, उरलेला दिवस घरात. मग घरच्यांना सोडून कसं चालेल? आईबाप होणं किती अवघड आहे, हे सांगणारी पुस्तकं त्यांनी गुजरातीत लिहिली. त्यांत उपदेश आहे, पण त्याहून जास्त घराघरांतले प्रसंग आहेत: हट्ट करणारं मूल, खोटं बोलणारं मूल आणि त्यांच्यावर खेकसणारे वडील.

१९२३ मध्ये ताराबाई मोडक तिथे गेल्या. राजकोटच्या बार्टन ट्रेनिंग कॉलेजच्या प्राचार्यपदावरून त्या बालमंदिरात आल्या होत्या, म्हणजे प्रशिक्षण हा त्यांचा पेशाच. १९२६ साली नूतन बाल शिक्षण संघ स्थापन झाला. ‘शिक्षणपत्रिका’ हे नियतकालिक आधी गुजरातीत निघालं, मग ताराबाईंनी ते मराठीत आणलं. १९३६ मध्ये दादरच्या हिंदू कॉलनीत शिशुविहार उभं राहिलं आणि बालशिक्षिकांना मराठीतून शिकण्याची सोय झाली. हे सगळं शहरी मध्यमवर्गाचं होतं, आणि ही मर्यादा ताराबाईंना स्वतःलाच खुपत होती.

म्हणून १९४५ साली त्या बोर्डीला आणि पुढे डहाणू तालुक्यातल्या कोसबाडला गेल्या. सोबत सहकारी अनुताई वाघ. इथे वारली पाड्यांवरची मुलं शाळेकडे फिरकतच नव्हती. कुणी गुरं राखायचं, कुणी धाकट्या भावंडाला कडेवर घेऊन असायचं. त्यावर या दोघींनी काढलेला मार्ग आजच्या कुठल्याही प्रशिक्षणपुस्तिकेपेक्षा धीट आहे. त्यांनी शाळाच पाड्यावर नेली. कुणाच्या तरी अंगणात बालवाडी भरायची. महागड्या मॉन्टेसरी साधनांऐवजी शंख-शिंपले, बिया, पानं आणि खडे असत. गुराख्यांसाठी कुरणशाळा निघाली. भावंडाला सांभाळणाऱ्या मुलीसाठी पाळणाघर, बालवाडी आणि प्राथमिक शाळा एकाच जागी आणून ‘विकासवाडी’ केली. अंगणात शाळा भरते तेव्हा आई, आजी, शेजारीण सगळ्या बघत असतात. बाई मुलाशी कशी बोलते, रडणाऱ्याला कशी शांत करते, हे त्यांना आपोआप दिसतं. पालकांचं वेगळं शिबिर घ्यावंच लागत नाही.

२ ऑक्टोबर १९७५ रोजी एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली, अंगणवाडी देशभर गेली. अंगणाची कल्पना सरकारनं उचलली, पण जोर पडला तो पोषण आणि लसीकरणावर. कुपोषणाचा प्रश्न एवढा मोठा असताना ते चुकीचं म्हणता येणार नाही. मात्र अंगणवाडीताईचा दिवस वजनकाटा, आहार आणि नोंदवह्यांत जाऊ लागला.

तिकडे अमेरिकेत १९६८ साली येल विद्यापीठातले मानसोपचारतज्ज्ञ जेम्स कोमर न्यू हेवनमधल्या दोन शाळांत गेले. दोन्ही शाळा गरीब कृष्णवर्णीय वस्तीतल्या. शिक्षक हैराण, मुलं बिथरलेली, पालक शाळेवर संतापलेले. कोमर यांनी पालकांना निर्णयाच्या टेबलावर बसवलं. पुढे सिॲटलमध्ये कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांनी पालकांसाठी गटवर्ग सुरू केले: आई-मुलाचे छोटे व्हिडिओ दाखवायचे, मग त्यावर चर्चा. शिक्षकांसाठीचे वर्ग नंतर आले. म्हणजे तिथेही सुरुवात घरापासूनच होती. १९९४ च्या बैठकीत या विखुरलेल्या कामांना ‘सामाजिक-भावनिक अध्ययन’ हे एक नाव मिळालं, आणि त्यासाठी ‘कॅसेल’ ही संस्था निघाली.

या क्षेत्रात सगळ्यात जास्त दाखला दिला जातो तो जोसेफ डर्लक आणि सहकाऱ्यांच्या २०११ सालच्या अभ्यासाचा. त्यात २१३ कार्यक्रम आणि २,७०,०३४ विद्यार्थी होते. कार्यक्रमात सहभागी मुलांची अभ्यासातली कामगिरी सरासरी ११ पर्सेंटाइलनं (म्हणजे शंभर मुलांच्या रांगेत मधलं मूल ११ जागा पुढे) सुधारली, हे वाक्य प्रत्येक सादरीकरणात असतं. त्याच अभ्यासातल्या आणखी दोन गोष्टी मात्र सहसा सांगितल्या जात नाहीत. एक, अभ्यासातली ही सुधारणा शाळेतल्याच शिक्षकांनी कार्यक्रम चालवला तिथे दिसली. बाहेरच्या माणसांनी चालवला तिथे नाही. दोन, पालकांना किंवा सगळ्या शाळेला जोडून घेणारे कार्यक्रम नुसत्या वर्गातल्या कार्यक्रमांपेक्षा सरस ठरले नाहीत. पसारा वाढला की अंमलबजावणी ढिली पडते, असं कारण अभ्यासकांनी सुचवलं. पालकसभेच्या शेवटी दहा मिनिटांचं भाषण उरकून ‘पालक सहभाग’ लिहिणाऱ्यांनी हे वाचायला हवं.

आपल्याकडे शिक्षकांच्या बाजूनं बरंच झालं. शिक्षणहक्क कायद्याच्या १७ व्या कलमानं शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ दोन्हींवर बंदी आणली. छडी गेली, तिच्या जागी काय करायचं हे मात्र शिक्षकांना वेळेवर कुणी शिकवलं नाही. बीडमधल्या जिल्हा परिषद शाळांत २००९ साली ‘मूल्यवर्धन’ हा मूल्यशिक्षणाचा कार्यक्रम सुरू झाला आणि नंतर राज्यभर पसरला. दिल्लीनं २०१८ मध्ये सरकारी शाळांत आनंदाचा तास आणला, तर २०१९ मध्ये केंद्राच्या ‘निष्ठा’ या शिक्षक-प्रशिक्षण कार्यक्रमानं ४२ लाख शिक्षकांचं लक्ष्य ठेवलं. एवढ्या संख्येला मास्टर ट्रेनरांची, म्हणजे आधी स्वतः शिकून पुढच्यांना शिकवणाऱ्यांची उतरंड लागते, आणि कालव्याच्या शेवटच्या शेतात पाणी पोचतं तितपतच मूळ आशय तालुक्याच्या वर्गात पोचतो. संख्या मोजता येते, वर्गातल्या बाईंचा आवाज खाली आला की नाही, हे मोजत कोणी नाही.

पालकांची बाजू सरकारपेक्षा नियतकालिकांनी आणि छोट्या संस्थांनी सांभाळली. पुण्यात १९८७ पासून ‘पालकनीती’ हे मासिक निघू लागलं. शोभा भागवत यांनी गरवारे बालभवनातून आईबाबांशी सतत संवाद ठेवला. वाचणाऱ्या घरांपर्यंत हे पोचलं. शिक्षणहक्क कायद्यानं शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश जागा पालकांना दिल्या खऱ्या, पण तिथली चर्चा गणवेश, पोषण आहार आणि खोलीच्या गळतीपलीकडे फारशी जात नाही.

२०२२ मध्ये राज्यात पहिलीच्या उंबरठ्यावरच्या मुलांसाठी ‘पहिले पाऊल’ अभियान सुरू झालं. त्याच्या मेळाव्यात सामाजिक आणि भावनात्मक विकासाचं एक टेबल असतं, पालकांशी बोलायचंही एक. मेळाव्यानंतर वस्तीवर माता पालक गट बनतात. आया एकत्र बसतात, घरात असलेल्या वस्तूंतून मुलांकडून काय काय करून घेता येईल ते ठरवतात. अनुताईंच्या अंगणाच्या सर्वांत जवळ जाणारी सरकारी गोष्ट हीच असावी. वडील या गटात नसतात, आणि त्यांच्यासाठी दुसरा काही बेत आखल्याचंही दिसत नाही.